बावीस दातांची सायकल

यंदा धुकं परत आलं आहे. मधली दोन-चार वर्षं ते नदीवरच रेंगाळायचं आणि उन्हाची चाहूल लागली की उठून जायचं. यंदा ते पात्रातून वर चढलं, पंचवटीच्या गल्ल्यांत शिरलं, आणि सकाळी दार उघडावं तर उंबऱ्याशीच उभं. आत या म्हणण्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखं. मी दार पुन्हा लावून घेतो. बायको म्हणते, दूध यायचंय अजून, दार कसलं लावता. तिला कसं सांगू, की मी दुधामुळेच लावतो.

निमित्त झालं मुलीच्या सायकलीचं. ती यंदा कॉलेजात गेली. अंगकाठी तिनं माझ्याकडून घेतली आहे, म्हणजे काठी अशी कुठे नाहीच, नुसतं अंग. सायकल ती लहानपणी शिकली नाही, कारण कॅरिअर धरून मागे धावणारा बाप डोळ्यांपुढे आणला की ती हसून खालीच बसायची. आता मात्र तिला रोजचं जाणं-येणं आहे, म्हणून रविवारी दुकानात घेऊन गेलो. काय त्या सायकली. लाल, निळ्या, शेलाट्या, एकीचं हँडल तर मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. त्यांच्याकडे पाहूनच मला त्यांची दया आली. आमच्या घरातलं माणूस बसलं असतं तर त्यांनी मान टाकली असती.

मी दुकानदाराला विचारलं, मागचं फ्रीव्हील किती दातांचं आहे? तरुण मुलगा होता. मी घोडा विकत घ्यायला आलोय आणि दात मोजून वय ठरवणार आहे, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, काका, ताईंना ही गियरची घ्या, चढ जाणवणारच नाही.

"चढ जाणवला पाहिजे," मी म्हणालो.

माझ्या तोंडून हे का निघालं, ते मला दुकानाबाहेर आल्यावर कळलं. वीस-एक वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात हिराबाई नावाच्या एका बाईचं कपाळावरचं कुंकू, तिच्या चार म्हशी आणि डोक्यावरचं छप्पर माझ्या सायकलीवर टिकून होतं. माझ्या सायकलीवर म्हणण्यापेक्षा, मी एका चढावर खाली उतरतो की नाही यावर. माझ्यासारख्या माणसावर कुणाचं काही टिकून असावं, हेच मुळात भीतिदायक. त्यात तो हिवाळा असा, की मला तो आठवतो तेव्हा आधी आवाज ऐकू येतो आणि मग चित्र दिसतं.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचे दिवस. सातपूरला एका कारखान्यात लेथवर मी नुकता लागलो होतो, अजून पक्का झालो नव्हतो. आमचं घर मखमलाबादच्या रस्त्याला, पंचवटीची वस्ती संपून मळे सुरू होतात तिथल्या कॉलनीत. कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये नदी, नदीवरचा पूल, पुलानंतर गावात शिरणारा चढ, आणि मग त्र्यंबकचा लांबलचक रस्ता, जो पाहताना सपाट वाटतो पण पाय मारणाऱ्याला विचारा. पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा. धुक्यात बसचा भरवसा नसायचा. फोरमननं एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, की भोंग्यानंतर आत येणारी माणसं इथे पक्की होत नाहीत. त्यानं ते इतक्या प्रेमानं सांगितलं, की मला घरी येऊन जेवण गेलं नाही. आई म्हणाली, नक्कीच काहीतरी गंभीर आहे.

तेव्हा मी चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो आणि सायकल मला येत नव्हती. आमच्या घरात मला जाडा असं कोणी म्हणत नसे, 'बऱ्या अंगाचा' म्हणत. मेव्हण्याची सायकल आणून मी मैदानात पहिला प्रयोग केला. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीला मागच्या चाकाचा आठ झाला. मेव्हणा चाक हातात घेऊन बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. आई म्हणाली, चाकातच काही दोष असेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवायचे. विहारात दर रविवारी वंदना झाली की मुलांना बसवून ते गणित आणि विवेक अशा दोन गोष्टी शिकवत, आणि दोन्ही एकच आहेत असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा देव, भुतं, नवस, अंगारे सगळं त्यांनी एका दिवसात घराबाहेर काढलं. देव मुकाट्यानं गेले. भुतांना बहुधा कोणी नीट कळवलं नसावं.

तर अण्णांनी फरशीवर खडूनं दोन गोल काढले आणि मला समोर बसवलं. पुढच्या चक्राला चव्वेचाळीस दात. मागच्याला बाजारात सरसकट अठरा मिळतात. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरणार. वेग चांगला, पण प्रत्येक फेऱ्याला तुझ्यासारख्या माणसाला जोर किती लागेल? मागे बावीस दात घेतले तर एका फेऱ्याला चाक बरोबर दोनदा फिरेल. हळू जाशील, पाय जास्त मारावे लागतील, पण चढाला मरणार नाहीस. मग सांगाडा. एक दांडी चालणार नाही, दोन हव्यात. चाक धरणारा चिमटा जाड हवा, तारा जाड हव्यात, आणि सीट स्प्रिंगांची. हे सगळं बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, त्या गोलांकडे पाहत होते. एखाद्या पुलाचा आराखडा करावा तसं.

अशी सायकल पंचवटीत कादरभाईंच्या दुकानात मिळाली. अगदी मागे, पोत्याखाली उभी होती. कादरभाईंनी पोतं ओढलं तेव्हा धूळ उडाली नाही, हे मला तेव्हा खटकलं नव्हतं. डबल दांडी, डबल चिमटा, कॅरिअर एवढं रुंद की आमच्या आईनं त्यावर पापड वाळत घातले असते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे लोखंडी आकडे. दुधवाल्याची होती. अण्णांनी वाकून मागचे दात मोजले, बावीस भरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलाचं उत्तर बरोबर आल्याचा आनंद पसरला. कादरभाई मात्र मला अठराचं बसवून देतो म्हणत होते. जवान आदमी आहे, बावीसवर चालला तर बैलगाड्या पुढे निघून जातील. अण्णा म्हणाले, जाऊ देत. मी विचारलं, ज्याची होती त्यानं विकली का? कादरभाई साखळीवर फुंकर मारत होते.

"जिसकी थी, उसको अब लगती नहीं," ते म्हणाले.

मला वाटलं, दुधवाल्यानं मोटारसायकल घेतली असेल.

शिकण्याबद्दल फार सांगत नाही. आई कॅरिअर धरून मागे असायची, म्हणजे मी तिला मैदानभर ओढत असायचो. पण सायकल विलक्षण होती. ती मला पाडत नसे. तोल गेला की ती एका बाजूला हलकेच झुकून पुन्हा सरळ व्हायची, जणू तिला अशा वेडेवाकड्या ओझ्याची सवयच होती. कॉलनीतली पोरं आठवड्याभरात कंटाळून माझ्यावर हसायची थांबली. आणि एका सोमवारी, पहाटेचा डबा कॅरिअरला बांधून, मी एकटा धुक्यात निघालो.

तेव्हाचं धुकं असं, की पुढचं चाक दिसायचं आणि त्यापुढे काही नाही. आपण जात नाही, रस्ताच कोणीतरी चाकाखालून मागे ओढून घेतंय असं वाटायचं. आवाज मात्र फार स्पष्ट. पाय थांबवले की फ्रीव्हीलची टिकटिक. खड्डा आला की आकड्यांची किणकिण. पंचवटीतल्या अरुंद गल्ल्यांत मी शिरलो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना ती टिकटिक भिंतींवरून परत येत होती. आणि दारं उघडू लागली.

आधी मला वाटलं, योगायोग. एक दार उघडलं, दुसरं उघडलं. धुक्यातून एक हात बाहेर आला, हातात पातेलं. पुढे आणखी एक हात, त्यात तांब्या. चेहरे दिसत नव्हते. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. नुसते हात, कोपरापर्यंत, आणि त्यांच्या पुढे धरलेली रिकामी भांडी. मी नवखा, मला थांबता कुठे येत होतं. मी तसाच पुढे गेलो. मागे वळून पाहायचं म्हणजे पडायचं, त्यामुळे ते हात परत केव्हा आत गेले हे मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्या दारांपाशी आलं की सायकल आपोआप डावीकडे ओढते. आणि गल्लीतली कुत्री, जी कोणत्याही परक्याला पिंडरीला धरतात, ती माझ्या मागे मुकाट्यानं शेवटच्या वळणापर्यंत चालत येतात आणि तिथे बसून राहतात.

मी अण्णांना सांगितलं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. डाव्या आकड्याला मोठी किटली असणार, वर्षानुवर्षं तिकडे वजन पडून चिमटा वाकला, म्हणून डावीकडे ओढते. आवाज लोकांच्या कानात बसला आहे, सवयीनं दार उघडतात. कुत्र्यांना दुधाचा वास येत असेल. सगळं पटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी हात बाहेर यायला लागले की मी पटलेलं सगळं विसरून त्रिशरण म्हणत होतो, तेही चुकीच्या क्रमानं.

सायकल कोणाची ते आईनं बाजारातून आणलं. रंगनाथ नावाचा दुधवाला होता. आमच्याच रस्त्याला, ओहोळाच्या पुढे चढ आहे, त्या चढाच्या माथ्यावर त्याचा गोठा. पहाटे पलीकडच्या मळ्यांतून दूध गोळा करायचा, भरलेल्या किटल्या घेऊन तो चढ खाली न उतरता चढायचा, गोठ्यापाशी थांबून बायकोनं काढलेलं दूध घ्यायचा आणि पंचवटीत रतीब घालायला जायचा. आदल्या हिवाळ्यात एका सकाळी तो असाच निघाला. धुकं उठल्यावर त्याची सायकल नदीकाठी कठड्याला टेकवलेली सापडली. किटल्या काठोकाठ भरलेल्या, झाकणं घट्ट बसवलेली, दूध अजून कोमट. रंगनाथ नव्हता. पाण्यात शोधलं, गावोगाव शोधलं. काही नाही. त्याच्या थोरल्या भावानं, तुळशीरामनं, सायकल विकून टाकली.

हे ऐकून मी म्हणालो, ती सायकल परत देतो. आई म्हणाली, दे की, आणि भोंग्याला कसा पोचशील, गडगडत?

आता हिराबाई. ती रंगनाथची बायको. ओहोळावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, ओलांडली की तो चढ लागायचा आणि तिथे मी रोज उतरायचो. बावीस दात असोत की बेचाळीस, सुरुवातीला तो चढ बापजन्मी माझ्याच्यानं होणारा नव्हता. सायकल ढकलत, धापा टाकत माथ्यावर यायचो, तेव्हा गोठ्याच्या दाराशी कंदील घेऊन एक बाई उभी दिसायची. ठसठशीत कुंकू लावलेलं. ती माझ्याकडे पाहायची आणि आत जायची. मला वाटायचं, जाडा माणूस चढ चढताना पाहणं ही तिची सकाळची करमणूक असेल. आम्हा लोकांना हे वाटण्याची सवय असते.

पण कॉलनीत तिची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा, पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी त्यांच्यात रीत. तुळशीराम म्हणत होता, नदीनं नेलेल्याला बारा वर्षं कशाला? माघ संपायच्या आत उरकून टाकू. एकदा पुतळा जळला, की हिराबाईचं कुंकू जाणार, म्हशी आणि गोठा तुळशीरामकडे, आणि ती पिंपळगाव बसवंतला भावाच्या दारी, कांद्याच्या खळ्यावर. मूलबाळ नव्हतं. तिला बोलायला जागा अशी एकच होती. ती म्हणायची, मालक हायेत. रोज पहाटे त्यांची सायकल जाते, मी ऐकते.

त्यांची सायकल. म्हणजे मी.

हे कळलं त्या दिवशी मी ताटावरून अर्धाच उठलो. आपल्या टिकटिकीवर एक बाई आस लावून बसली आहे आणि आपण तिच्या दारावरून डबा घेऊन कारखान्यात चाललोय. दुसऱ्या दिवशी चढाच्या माथ्यावर आल्यावर मी थांबलो. कंदील होताच. मी म्हणालो, बाई, राग मानू नका, पण रोज जातो तो मी आहे. ही सायकल मी विकत घेतली आहे. दुसरं कोणी नाही.

ती हसली नाही, रडलीही नाही. मुलाला समजवावं तशी बोलली.

"तुमची मला वळखू येती, भाऊ. तुमी चढावर उतरता. मग थांबत थांबत येता. ती तुमची." मग कंदील जरा खाली करून म्हणाली, "त्याच्या आधी एक जाते. ती चढावर उतरत नाय. दारापुढून सरळ निघून जाते, थांबत नाय. रागावले असतील."

ओहोळाच्या बाजूला पाहायची माझी छाती झाली नाही. धुकं तिथे जास्त दाट होतं, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. माझ्या हातातली सायकल थंडगार लागत होती आणि सीट मात्र, मी उतरून एवढा वेळ झाला होता तरी, ऊबदार होती.

ती म्हणाली, तुम्हाला पुढं चढायला यायला लागेल, पाय बसतील. पण तुम्ही आपले उतरतच जा. नाहीतर मला दोघांतला फरक कळायचा नाय.

बरोबर त्याच सुमारास मला चढ चढायला येऊ लागला, हा माझ्या आयुष्यातला मोठा विनोद. महिनाभरात पट्टा दोन भोकं आत गेला होता, पायांत काहीतरी आलं होतं. एका सकाळी कारखान्याला जाताना नदीकडून गावात शिरणारा चढ मी न उतरता मारला आणि वर येऊन एकटाच हसलो. ज्या माणसाला शाळेत धावण्याच्या शर्यतीत सुद्धा फक्त टोप्या सांभाळायला ठेवत, त्याला चढ जिंकण्याची काय किंमत असते ते बारीक माणसांना कळणार नाही. आणि ओहोळाच्या त्या चढावर मात्र मी रोज पहाटे उतरत होतो. येणारे-जाणारे म्हणायचे, मास्तरांचा पोरगा अजून ढकलतोच.

कधीकधी ढकलावंही लागत नसे. सायकल एरवी जड असायची तशी नसे. मागून कॅरिअरला कोणी हात लावला असावा, इतकी हलकी चालायची. हे मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी म्हटलं असतं, दंडात ताकद आली. दंडात ताकद आली असती तर ती मला तरी कळली असती.

हिराबाईचं म्हणणं मात्र त्यांना सांगितलं, आणि ते चिडले. चढता येतं तर चढत जा म्हणाले. कोणाच्या भ्रमाला आपण टेकू द्यायचा नाही, त्यात त्या बाईचंच नुकसान आहे. मग ते स्वतः तुळशीरामला भेटून आले आणि जेवताना मोठ्या समाधानानं सांगू लागले. रविवारी पहाटे सगळ्यांनी गोठ्यावर जमायचं. आमची सायकल घरी बंद. नुसती बंद नाही, साखळी काढून अण्णा स्वतः पिशवीत घालून बरोबर नेणार, म्हणजे शंकेला जागा नको. काही ऐकू आलं नाही, की बाईचा भ्रम फिटेल आणि प्रश्न मिटेल. प्रयोग करायचा तर नीट करायचा. तुळशीराम लगेच तयार झाला होता.

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"आणि फिटला," ती म्हणाली, "तर ती जाईल कुठं?"

अण्णांनी पाणी मागितलं. तहान नसताना ते पाणी मागतात तेव्हा उत्तर सापडलेलं नसतं, हे आम्हाला माहीत होतं. पण शब्द दिला होता.

त्या रविवारी धुकं असं होतं, की मी आणि अण्णा एकमेकांना धरून चाललो. पिशवीत साखळी खुळखुळत होती. त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच पायी जात होतो आणि मला सारखं वाटत होतं, की माझ्या मांडीशी काहीतरी असायला हवं, ते नाही. फरशी ओलांडली. खाली पाण्याचा आवाज नव्हता. चढावर अण्णा दोनदा थांबले. दम लागला म्हणाले.

गोठ्यापुढे तुळशीराम आधीच आला होता. उंच, हाडकुळा, कानाला मफलर. पायाशी एक भारा होता, सुतळीनं बांधलेला. दर्भ आणि पळसाच्या काड्या. ऐकून झालं, की तिथून तो थेट नदीवर जाणार होता. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. हिराबाईनं बाजेवरचं घोंगडं झटकलं आणि बसा गुरुजी म्हणाली. तिनं त्या दिवशी कुंकू जरा मोठं लावलं होतं. हातात दुधाची किटली, भरलेली, झाकण लावलेली. नवऱ्याला द्यायला घेऊन उभी राहायची तशी उभी.

छपराखाली चार म्हशी रस्त्याकडे तोंड करून बांधलेल्या. त्यांचं रवंथ ऐकू येत होतं. अण्णांनी साखळी पिशवीतून काढून तुळशीरामला दाखवली. त्यानं मान हलवली.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. थंडी गुडघ्यांतून वर येत होती. ऐकू काहीच आलं नाही. मी ते पुन्हा सांगतो, कारण पुढे लोकांनी बरंच काही जोडलं: आम्हाला चौघांना काहीही ऐकू आलं नाही. तुळशीरामनं घसा खाकरला आणि भाऱ्याकडे वाकला. मी हिराबाईकडे पाहिलं. तिच्या हातातल्या किटलीचं झाकण अगदी बारीक वाजत होतं.

तेव्हा रवंथ थांबलं.

चारही म्हशींनी एकदम मान वळवली, ओहोळाच्या दिशेनं. कान पुढे. मग त्या माना हळूहळू फिरू लागल्या. खालून वर, चढाच्या वाटेनं, चौघींच्या एका लयीत. वाटेत कुठे अडखळल्या नाहीत. एखादं जड काही, न थांबता, न उतरता, वर येत असावं आणि त्याच्याबरोबर नजर यावी, तशा. माथ्यावर आल्या. आणि गोठ्याच्या दाराशी, हिराबाई आणि तुळशीराम यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, तिथे येऊन थांबल्या.

तिथे धुकं होतं. दुसरं काही नव्हतं. म्हशी त्या जागेकडे पाहत राहिल्या. एकीनं नाक पुढे करून हुंगलं आणि ओळखीचं हुंकारली. तुळशीरामचा हात भाऱ्यावर होता तसाच राहिला. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं. ते त्यांनी केव्हा धरलं ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मग माना पुन्हा फिरल्या, गावाकडे, पंचवटीच्या बाजूला. दूर जाणाऱ्या माणसामागे फिरतात तशा. आणि रवंथ सुरू झालं.

"आज थांबले," हिराबाई म्हणाली.

तुळशीराम बराच वेळ वाकलेलाच होता. मग त्यानं सुतळीची गाठ सोडायला घेतली. बोटं गारठली होती, गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडली. पळसाच्या काड्या त्यानं बाजूला फेकल्या आणि दर्भाची पेंढी उचलून म्हशींच्या पुढ्यात, गव्हाणीत टाकली. हातानं नीट पसरली. भावजयीकडे न बघताच म्हणाला, किटली दे, आजचा रतीब मी घालून येतो, लोकं भांडी घेऊन उभी असतील. आणि भरलेली किटली घेऊन तो पायी धुक्यात गेला. त्या माघात पुतळा झाला नाही, आणि मला माहीत आहे तोवर कधीच झाला नाही.

आम्ही परत निघालो. अण्णा काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. म्हशींना माणसापेक्षा जास्त ऐकू येतं, लांबून कोणी गेलं असेल, असं काहीही. मला ते पटवून घ्यायचंच होतं. फरशीवर आलो तेव्हा ते थांबले, मागे वळून चढाकडे पाहिलं, पुन्हा चालू लागले.

घरी आल्यावर चहाही न घेता ते सायकलीपाशी उकिडवे बसले. साखळी पिशवीतून काढली आणि स्वतःच्या हातानं चढवू लागले. त्यांना ते जमत नव्हतं. पुढच्या चक्रावर बसली की मागच्यावरून निसटायची. हात कोपरापर्यंत काळे झाले, सदऱ्याला वंगण लागलं. मी पुढे झालो तर म्हणाले, राहू दे. शेवटी बसली. त्यांनी पायडल हातानं फिरवून पाहिलं. फ्रीव्हील टिकटिकलं, आणि ते थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"त्या चढावर अजून उतरतोस ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, तुम्हीच सांगितलं होतं, येतं तर चढत जा म्हणून. तरी उतरतो. पण उद्यापासून…

ते चिंधीनं हात पुसत होते. माझ्याकडे पाहिलं नाही.

"उतरत जा," अण्णा म्हणाले.